दहा जणांची अट

इनोमातांच्या घरातून शेवटची कौटुंबिक सहल निघाली त्याला अडीच वर्षं झाली होती, आणि ती सहल म्हणजे योशिनोबुच्या वाहन परवान्याचं नूतनीकरण. परवाना केंद्राच्या आवारात एक कारंजं होतं. त्याच्यासमोर तिघांनी उभं राहून फोटो काढला होता. तो फोटो फ्रिजवर लावून हारुए, म्हणजे योशिनोबुची बायको, आल्यागेल्याला सांगत असे, "ही आमची सहल." अगदी शांतपणे सांगे. तिने एकदा कडाडून भांडावं आणि मोकळं व्हावं असं योशिनोबुला फार वाटे. पण त्या बाईला भांडायची सवय नव्हती, फोटो दाखवायची होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मात्र तिने फोटोशिवायच विषय काढला.

"अहो, या महिन्यात बाबांना घराबाहेर काढायचं आहे. कसंही करून."

बाबा म्हणजे तिचे वडील, गेन्झो. वय अठ्ठ्याहत्तर. त्यातली चोपन्न वर्षं त्यांनी समुद्रात सॅमनची जाळी लावण्यात आणि ओढण्यात घालवली होती. गेल्याच्या गेल्या वसंतात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजव्या हातातला जोर गेला आणि बोट पुतण्याकडे गेली. तेव्हापासून ते लेकीकडे राहात होते. दवाखाना सोडला तर फाटकाजवळच्या पत्रपेटीपलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. उजवा हात जाकिटाच्या खिशात घालून ते दिवसातून तीनदा रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकत. लाटा दोन मीटर, वारा वायव्येकडून. मग "हं" म्हणत आणि रेडिओ बंद करत. हारुएला त्या "हं"ची भीती वाटू लागली होती.

"मत्स्यबीज केंद्रात जाऊ या," सायो म्हणाली. इनोमातांची ही मुलगी पाचवीत होती आणि घरातली एकमेव निर्णयक्षम व्यक्ती होती. "तोरिबेत्सु नदीवरच्या. तिथे सॅमन पायऱ्या चढून येतात. मग त्यांची अंडी काढतात आणि पिल्लं करून परत नदीत सोडतात. आमच्या वर्गातले सगळे बघून आले. मी सोडून."

शेवटचे दोन शब्द तिने वडिलांकडे बघून म्हटले.

"मासा बघायला जायचं?" सासरेबुवा रेडिओपाशीच बसून म्हणाले. "मासा पकडतात, नाहीतर खातात. बघायचं काय असतं त्याच्यात?"

आता खरं तर गोष्ट सोपी होती. केंद्र घरापासून तीस किलोमीटरवर. दारात गाडी. रविवारी बसायचं आणि जायचं. दुसऱ्या कोणी हे काम केलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण योशिनोबु इनोमाता हा नगर कार्यालयात कचरा वर्गीकरणाच्या खिडकीवर बावीस वर्षं बसलेला माणूस होता. मोडका सोफा टाकायचा तर कुठला अर्ज, सोफ्याला चाकं असतील तर कुठला, हे विचारायला अख्खं गाव त्याच्यासमोर येई. अर्ज भरताना लोक हमखास चुकत. योशिनोबु तो अर्ज दोन्ही हातांनी, अत्यंत नम्रपणे परत करी आणि विचारी, "खालची टीप वाचली नाहीत का?" गावात त्याच्याविषयी याहून वाईट असं कोणी काही बोलत नसे, पण एवढं मात्र सगळेच बोलत.

तेव्हा असा माणूस नुसता उठून कुठे जाणार नव्हता. त्याने केंद्राकडून भेटीचा अर्ज फॅक्सवर मागवला. अर्जाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दहा किंवा अधिक व्यक्तींच्या गटासाठी भेटीचा अर्ज'.

"दहा जण लागतात," त्याने घरी येऊन जाहीर केलं. "आपण चौघं आहोत."

"एकदा फोन करून विचारा ना."

"छापील अटीबद्दल फोन करून विचारायचं नसतं, हारुए. असे फोन करणारे लोक कसे असतात ते मला विचार."

हारुएने फ्रिजकडे एकदा पाहिलं. योशिनोबु त्याच संध्याकाळी सहा माणसं गोळा करायला बाहेर पडला.

पहिला मुक्काम कुरामोचीबाईंकडे. या गल्ली मंडळाच्या अध्यक्षा होत्या. गेली अकरा वर्षं दरवर्षी त्या राजीनामा देत, आणि दरवर्षी तो नामंजूर करणाऱ्याही त्याच असत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका दमात सहलीचा ताबा घेतला.

"मी आणि आमचे हे, दोघं झालो. म्हणजे सहा. पण दोन गाड्यांतून कशाला? मंडळाची मिनीबस घ्या. आमचे हे चालवतील. ते बोलत नाहीत, पण चालवतात छान."

कुरामोचीसान कोपऱ्यात बसून संत्रं सोलत होते. त्यांनी मान हलवली, किंवा संत्र्याची बी काढली. दुरून नक्की सांगता येत नव्हतं.

"फक्त एक आहे," बाई म्हणाल्या. "मिनीबस दोनच कारणांसाठी मिळते. आपत्ती निवारण किंवा ज्येष्ठांचं कल्याण. तुमची सहल यातली कुठली?"

योशिनोबुने प्रामाणिकपणे विचार केला. त्या क्षणी ती दोन्ही वाटत होती.

"ज्येष्ठांचं कल्याण," तो म्हणाला. त्याने तसा अर्ज भरला आणि 'लाभार्थी ज्येष्ठाचे नाव' या रकान्यात सासऱ्यांचं नाव लिहिलं. हे त्यांना सांगायचं राहून गेलं. म्हणजे, त्याने ते राहू दिलं.

न्हावी नागुमो सातवा. त्याला मासे, डोंगर, राजकारण आणि पोटदुखी या चार विषयांतलं सगळं कळत असे आणि समोरच्याच्या गळ्याशी वस्तरा असल्यामुळे आजवर कोणी त्याला विरोध केला नव्हता. योशिनोबुच्या मानेला फडकं गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "तोरिबेत्सु? इनोमातासान, तिथे अस्वलं असतात. सॅमन वर चढतात म्हणजे अस्वलं खाली उतरणार. घंटा बांधल्याशिवाय जाऊ नका. प्रत्येकाला वेगळी घंटा. माझ्याकडे आहेत."

"मी नुसतं पार्किंगपासून इमारतीपर्यंत चालणार आहे."

"अस्वलाला ते माहीत नसतं."

योशिनोबुने घंटा घ्यायचं कबूल केलं. वस्तरा कानाजवळ होता.

आठवी आणि नववी म्हणजे लोणच्यांचं दुकान चालवणाऱ्या ताची भगिनी, फुमी आणि कियो. दोघी सत्तरीच्या पुढच्या, दोघींनी मिळून लग्न न करण्याचा निर्णय घेतलेला. त्या एका अटीवर तयार झाल्या. दुपारचं जेवण त्या करून आणणार आणि ते सगळ्यांनी संपवायचं.

दहावं माणूस काही मिळेना. तीन दिवस योशिनोबु हिंडला. कोणाची मूळव्याध, कोणाचा बटाट्याचा मोसम. एकाने तर स्पष्टच विचारलं, "माझा मागच्या वर्षीचा गाद्यांचा अर्ज परत केलात, आठवतंय?" योशिनोबुला आठवत होतं. गाद्या तीन होत्या आणि अर्ज दोनचा होता.

चौथ्या दिवशी दहावं माणूस आपल्या पायांनी चालत त्याच्या टेबलाशी आलं. ते त्याचे साहेब होते, विभागप्रमुख आशिदा. त्यांच्या हातात केंद्राचा दुसरा फॅक्स होता, अर्ज कधी येणार हे विचारणारा.

"इनोमाता, हे कार्यालयाच्या यंत्रावर आलंय."

योशिनोबु उभा राहिला. कार्यालयाचा कागद खाजगी कामाला वापरल्याबद्दल काय शिक्षा असते ते त्याला कलमासकट पाठ होतं.

"सॅमनचं केंद्र," आशिदासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माझी बायको दर रविवारी कोरसच्या सरावाला जाते. मी घरीच असतो." मग त्यांनी विचारलं, "जागा असेल का एक?"

दहा भरले. योशिनोबुने अर्ज अशा अक्षरात भरला की तो फ्रेम करून लावावा. 'कार्यक्रमाची रूपरेषा' या रकान्यात त्याने सात मुद्दे लिहिले. सहा सुचले होते. जागा उरली म्हणून शेवटून दुसरा मुद्दा घातला, 'गट-प्रतिनिधीचा प्रत्यक्ष अनुभव'. या ओळीचा अर्थ काय हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, पण रकाना भरल्यावर शोभून दिसत होता.

ठरलेल्या रविवारी सकाळी मिनीबस दारात आली. तिच्या कुशीवर कुरामोचीबाईंनी कापडी फलक बांधला होता, 'ज्येष्ठ कल्याण अभ्यास-सहल'. खाली जरा लहान अक्षरांत, 'सन्माननीय ज्येष्ठ: श्री. गेन्झो'.

सासरेबुवा पत्रपेटीपर्यंत आले, फलक वाचला, परत फिरले आणि रेडिओसमोर बसले.

"बाबा, ते नुसतं बसच्या अर्जासाठी होतं," योशिनोबु म्हणाला.

"कल्याण करून घ्यायला मी काय मोडीत निघालोय? तुझ्या खिडकीवर आणून ठेव मला. चाकं नाहीत म्हणावं."

हारुएने समजावलं, सायोने हाताला धरलं, कुरामोचीबाईंनी दारात उभं राहून ज्येष्ठांच्या आरोग्यावर एक छोटं भाषण केलं, ज्याने परिस्थिती अधिकच बिघडली. साडेआठची वेळ टळली. नऊ जण आणि दहाचा अर्ज. योशिनोबुने यादीतली नावं पुन्हा मोजली.

तेवढ्यात कंटाळलेला नागुमो चप्पल काढून आत आला आणि सायोला म्हणाला, "चल, मी सांगतो तुला मासे. नर-मादी ओळखायची एकदम सोपी खूण. पाठीवरचे ठिपके मोजायचे. नराला जास्त."

सासरेबुवांनी मान वळवली.

"कोणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांना माहीत आहे, गेन्झोसान."

"सॅमनच्या पाठीवर ठिपके असतात का रे? जबडा बघायचा. नराचं नाक आकड्यासारखं वळतं. आणि पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर, नराचा जरा मोठा असतो. केस कापतोस ते काप."

"समुद्रात असेल तसं. नदीत आल्यावर ठिपके येतात."

"पट्टे येतात, गाढवा."

"गेन्झोसान, माझं दुकान गेली तीस वर्षं..."

हे बोलत बोलत नागुमो बाहेर निघाला आणि त्याला उत्तर द्यायचं तर सासरेबुवांनाही निघणं भाग पडलं. पत्रपेटी मागे पडली, फाटक मागे पडलं. बसच्या दारात नागुमो म्हणाला, "लागली पैज, तिथे जाऊन बघू," तेव्हा सासरेबुवा डाव्या हाताने दांडी धरून वर चढलेही होते. नागुमोने जन्मात एक चांगलं काम केलं ते हे, आणि तेही त्याला कळलं नाही. हारुए त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढचा प्रवास वर्णन करण्यासारखा नाही. दहा माणसं, दहा घंटा, आणि नदीकाठचा खडबडीत रस्ता. अठराव्या किलोमीटरवर पिवळ्या शिरस्त्राणातल्या पहारेकऱ्याने बस अडवली. पुढे अस्वल दिसलं होतं, रस्ता बंद. नागुमोने सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू ते अस्वल त्यानेच पाठवलं होतं. टेकडीला वळसा घालून जाण्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात आशिदासाहेबांना बस लागली. साहेबांना कागदी पिशवी धरून द्यायची वेळ कनिष्ठावर येते तेव्हा नक्की कुठे बघायचं असतं, हे सेवानियमांत कुठेही लिहिलेलं नाही. योशिनोबुने छताकडे पाहिलं.

केंद्राच्या दारातल्या कार्यालयात एक जाड चष्म्याचे गृहस्थ बसले होते. योशिनोबुने दोन्ही हातांनी अर्जाची प्रत पुढे केली, दहा नावांची यादी पुढे केली, उशिराबद्दल क्षमा मागितली आणि दहाही जण हजर असल्याचं सांगितलं.

"बरं बरं," गृहस्थ म्हणाले. "दहा भरवायला त्रास झाला असेल ना? तुमचं कुटुंब चौघांचं दिसतंय."

"अट होती ना."

"अट कसली? दहा किंवा जास्त असतील तर अर्ज करायचा. गर्दी होते म्हणून. कमी असाल तर अर्ज नाहीच, नुसतं यायचं. खाली टीप आहे बघा."

 कोणाची तरी घंटा एकदा किणकिणली आणि गप्प झाली. योशिनोबुला मागे वळून बघायची गरज नव्हती. मानेमागे नऊ जणांची नजर त्याला वेगवेगळी ओळखता येत होती. बायकोची सगळ्यात शांत होती.

"इनोमाता," आशिदासाहेब अजून जरा हिरवट चेहऱ्याने म्हणाले, "खालची टीप वाचली नाहीस का?"

बावीस वर्षांत हे वाक्य ऐकायला कसं लागतं ते योशिनोबुला प्रथमच समजलं. खूप नम्र लागतं. त्यामुळेच त्रास होतो.

"पण आता केलाच आहे अर्ज, तर फायदा आहे," ते चष्मेवाले गृहस्थ दयाळू होते. "सुटे लोक वरून काचेतून बघून जातात. तुम्ही रूपरेषेत प्रत्यक्ष अनुभव मागितलाय, तेव्हा तुम्हाला खाली कामाच्या जागी नेतील."

योशिनोबुने या वाक्याला बुडत्या माणसासारखा हात घातला आणि ते ज्याला त्याला दोन-दोनदा सांगितलं.

आधी जेवण उरकायचं ठरलं. ताची भगिनींनी तळ्याच्या काठावरच चटई पसरली. तळ्यात शेकडो सॅमन एकमेकांना घासत फिरत होते, पाण्याच्या वर पाठी दिसत होत्या. फुमीबाईंनी डबे उघडले. चाळीस भाताचे गोळे, आणि प्रत्येकाच्या पोटात खारवलेला सॅमन.

"मी नाही खाणार," सायो म्हणाली. "त्यांच्यासमोर नाही."

"अगं, त्यांना काय कळतंय?"

"तुम्हाला कळतंय ना."

एवढ्या लहान मुलीचं इतकं बिनतोड बोलणं ऐकून फुमीबाई वरमल्या. मग दहाही जणांनी तळ्याकडे पाठ केली आणि पार्किंगकडे तोंड करून जेवले. चाळीस गोळे संपेपर्यंत कियोबाईंनी कोणाला उठू दिलं नाही.

जेवण संपताच सासरेबुवा मात्र पुन्हा तळ्याकडे वळून मासे बघायला लागले. नागुमो त्यांच्या शेजारी होता. दोघांनीही वाकून माशांच्या पाठी निरखल्या. शेवटी नागुमो हळूच म्हणाला, "पट्टे आहेत."

"हं," सासरेबुवा म्हणाले. पण हा "हं" वेगळा होता. हारुएने मान वर करून पाहिलं.

केंद्रातल्या कामाची माहिती द्यायला युगे नावाची तंत्रज्ञ आली. तिशीच्या आतबाहेरची, गुडघ्यावरपर्यंत गमबूट, केस रुमालात बांधलेले. तिने एक मिनिट बोलण्याचा प्रयत्न केला आणि थांबून विचारलं, "त्या घंटा काढून ठेवता का? मला माझंच ऐकू येत नाहीये."

नऊ घंटा निघाल्या. नागुमोने आपली मुठीत दाबून धरली.

खाली कामाच्या जागी फरशी ओली, हवा गार आणि वास असा, की सासरेबुवांनी दारातच थांबून एकदा खोल श्वास घेतला. बाकी सगळ्यांनी रुमाल काढले. युगेने चार माद्यांची गाबोळी एका रुंद पाटीत काढून ठेवली होती. केशरी मण्यांचा ढीग दिव्याखाली चमकत होता.

"दहा-बारा हजार अंडी असतील," ती म्हणाली. "आता यावर नराचं वीर्य पिळायचं आणि हाताने ढवळायचं. पाणी नंतर. आधी एक थेंबही लागता कामा नये. पाणी लागलं की अंडं मिनिटाभरात मिटतं, मग त्यात काही शिरत नाही. सगळी फुकट जातात." मग तिने हातातला कागद पाहिला. "तुमच्यातले गट-प्रतिनिधी कोण? प्रत्यक्ष अनुभव तुमचा आहे ना? या. नर धरायचाय."

योशिनोबु पुढे झाला. त्याला रबरी झगा आणि गमबूट चढवण्यात आले. गमबूट दोन माप मोठे होते. आशिदासाहेबांनी कॅमेरा सरसावला. कुरामोचीबाई म्हणाल्या, "पाठ ताठ ठेवा, इनोमातासान, मंडळाच्या पत्रकात छापायचंय."

युगेने टाकीतला नर उचलून त्याच्या हातांत दिला. नाक आकड्यासारखं, अंगावर जांभळे पट्टे, वजन पाचेक किलो. सरकारी नोकरीत योशिनोबुने आजवर हातात धरलेली ही पहिली जिवंत गोष्ट होती. दोन सेकंद दोघंही स्तब्ध होते. माणूस माशाकडे बघत होता आणि मासा, जसं काही अर्जात काहीतरी राहिलंय, अशा नजरेने माणसाकडे.

"शेपटीच्या मुळाशी घट्ट धर," सासरेबुवा मागून म्हणाले.

योशिनोबुने पोटाशी घट्ट धरलं. माशाने शेपटी मारली ती सरळ त्याच्या गालावर. त्याचा चष्मा उडाला. चष्मा शोधायला त्याने एक पाय मागे टाकला, पायाच्या आधी गमबूट गेला, आणि योशिनोबु मासा न सोडता बसला तो थेट मागच्या पाण्याच्या टाकीत. पाण्याचा फवारा वर उडाला. तो सगळ्यांवर पडला. कॅमेऱ्यावर पडला, ताची भगिनींवर पडला, युगेच्या दोन्ही हातांवर पडला. आणि थोडासा, ओंजळभर, त्या केशरी पाटीत पडला.

युगेचा चेहरा बदलला. पुढचं सगळं तिने एका श्वासात केलं. योशिनोबुच्या मिठीतून मासा खेचला, पाटीवर धरला, पोट पिळलं. दुधासारखी पांढरी धार अंड्यांवर पडली.

"ढवळा कोणीतरी. आत्ता. कोरड्या हाताने. माझे ओले आहेत."

हारुएचे हात ओले होते. सायोचेही. आशिदासाहेब नखशिखांत भिजलेले. नागुमोने मूठ उघडली तर तिच्यातूनही पाणी गळलं. सगळे एकमेकांचे हात बघत उभे राहिले आणि ते मिनिट संपत चाललं.

सासरेबुवांनी जाकिटाच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला. दीड वर्षात तो त्यांनी जेवायलासुद्धा चार माणसांत बाहेर काढला नव्हता. बोटं जरा आत वळलेली होती. डाव्या हाताने त्यांनी बाही वर सारली, वाकले आणि ती बोटं पाटीत घातली.

"हळू," युगे म्हणाली. "तळातून वर. हो, असंच."

"याहून जोर नाहीये माझ्याकडे."

"नकोच आहे. नव्या माणसांची हीच तर चूक होते, जोर लावतात. आणि अंडी फुटतात. तुमचा अगदी बरोबर पडतोय."

 बोटं फिरत राहिली. केशरी मणी त्यांच्या वळलेल्या बोटांमधून सरकत, पुन्हा वर येत.  कुरामोचीसान, जे सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते, ते म्हणाले, "वा." त्यांच्या बायकोने दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"वाचतील का?" युगेने पाटी उचलली तेव्हा सासरेबुवांनी विचारलं.

"पाणी एका कडेलाच पडलं होतं. बरीचशी वाचावीत. महिन्याभराने आत डोळे दिसायला लागतात, काळे ठिपके. तेव्हा नक्की कळेल." तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "आजोबा, पूर्वी केलंय का हे काम?"

"याच्या उलटं केलंय."

तिला हसू आलं. "मोसमात माणसं कमीच पडतात आम्हाला. पाट्या ढवळायला तुमच्यासारखा हात मिळाला तर बरंच होईल."

हे ती गमतीत म्हणाली की मनापासून, यावर परतीच्या बसमध्ये बरीच चर्चा झाली. फुमीबाईंचं मत मनापासून असं होतं. नागुमोचं मत असं, की तरुण मुली म्हाताऱ्यांशी नेहमीच गोड बोलतात, त्याच्या दुकानाचा तीस वर्षांचा अनुभव आहे. योशिनोबु चर्चेत नव्हता. तो सगळ्यात मागच्या बाकावर केंद्राच्या गोदामातली ढगळ विजार घालून बसला होता. त्याचा चष्मा सापडला होता, पण एकच काच. त्या एका काचेतून त्याला दिसलं की आशिदासाहेब कॅमेरा पुसून पुसून टाकीतला फोटो पुन्हा पुन्हा बघताहेत, आणि उद्या सकाळी तो फोटो किती जण बघतील याचा त्याने हिशेब केला. नगर कार्यालयात एकशे बारा कर्मचारी होते.

हारुए उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने टॉवेलाने त्याचे केस पुसले.

"साहेबांकडून त्या फोटोची एक प्रत मागून घ्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"फ्रिजवर लावायला."

योशिनोबुने तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. मग त्यालाही हसू आलं आणि त्या ढगळ विजारीत ते फार वेळ थांबवता आलं नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता तो स्वयंपाकघरात आला, तर सासरेबुवा टेबलाशी बसलेले. रेडिओ बंद होता. अंगात जुनं रबरी जाकीट, पायांत घरातच गमबूट, आणि समोर एक कागद.

"त्या चष्मेवाल्याकडून काल मागून घेतला," ते म्हणाले. "मोसमी मदतनीसाचा अर्ज. भरून दे. मला डाव्या हाताने जमत नाही, आणि उजवा जपायचाय."

योशिनोबुने पेन काढलं. आधी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. खालची टीप दोनदा वाचली. मग लिहायला सुरुवात केली. नाव, वय, पत्ता.

"पूर्वानुभव," तो म्हणाला. "मत्स्यव्यवसाय, चोपन्न वर्षं, असं लिहितो."

"मासे मारले असं लिही."

"बाबा, मत्स्यबीज केंद्राच्या अर्जावर असं लिहीत नाहीत."

"मग काय खोटं लिहायचं? चोपन्न वर्षं मारले. लिही."

योशिनोबुने जरा विचार केला आणि लिहिलं. बावीस वर्षांत प्रथमच त्याने एका अर्जात जसं सांगितलं तसं उतरवलं.

"कोणत्या दिवशी येऊ शकाल?"

"रोज."

"रोज?"

"मासे रविवारी सुट्टी घेतात का?"

रोज. त्याने लिहिलं आणि शेवटच्या रकान्यावर आला. "ये-जा करण्याचं साधन," त्याने वाचलं, आणि वाचता वाचताच त्याच्या लक्षात आलं की केंद्र तीस किलोमीटरवर आहे, तिकडे बस जात नाही, आणि त्याला साडेआठला खिडकी उघडायची असते. त्याने वर पाहिलं.

सासरेबुवा उठले होते. ते दारात जाऊन उभे राहिले होते आणि डाव्या हाताने गाडीची किल्ली त्याच्यापुढे धरून होते.

"त्यात काय विचारतोस?" ते म्हणाले. "लिही, जावई."